सेंट हेलेनाचे जेम्सटाउन : धक्क्याला जहाज न लागणारे बंदर

१८ एप्रिल २०१६ रोजी एक बोइंग ७३७-८०० विमान चाचणीसाठी ब्रिटनच्या सेंट हेलेना बेटावर आले. विमानतळ बांधून तयार होता, मे महिन्यातल्या उद्घाटनाची तयारी चालू होती आणि बेटाचे एकुलते एक जहाज निवृत्त करण्याचे वेळापत्रकही ठरले होते. उत्तरेकडून धावपट्टीवर उतरताना वैमानिकांना जोरदार ‘विंड शिअर’ लागला, म्हणजे थोड्याच अंतरात वाऱ्याचा वेग आणि दिशा एकदम बदलली. विमान सुखरूप उतरले, पण उद्घाटन पुढे ढकलावे लागले. प्रवासी वाहतूक सुरू व्हायला आणखी दीड वर्ष गेले.

जगभरच्या बातम्यांत या घटनेकडे फसलेला खर्च म्हणून पाहिले गेले. जेम्सटाउन या बंदराचा इतिहास माहीत असला, तर ती वेगळी दिसते. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,९०० किलोमीटरवर, दक्षिण अटलांटिकच्या मध्यात, १२२ चौरस किलोमीटरचे हे बेट आहे. लोकसंख्या साडेचार हजारांच्या आसपास. इथे पोहोचण्यातली खरी अडचण अंतराची कधीच नव्हती. केपटाउनपासूनचा तीन हजार किलोमीटर समुद्र जहाजे ठरल्या वेळी कापत. अडायचे ते शेवटच्या काहीशे मीटरांत, नांगरापासून पायरीपर्यंत. विमानही नेमके तिथेच अडले, फक्त बेटाच्या दुसऱ्या अंगाला.

शहर इथेच का

सेंट हेलेनावर वर्षभर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. बेट म्हणजे समुद्रातून उभा राहिलेला जुना ज्वालामुखी. जवळपास सगळीकडे शेकडो फुटांचे कडे आहेत आणि मधूनमधून अरुंद घळी समुद्रापर्यंत उतरतात. आग्नेयेच्या बाजूला लाटा थेट कड्यावर आदळतात, तिथे गलबताने थांबायचा प्रश्नच नव्हता. वायव्येची बाजू बेटाच्याच आडोशाला येते. त्या आडोशात गोड्या पाण्याचा ओढा असलेली जी घळ समुद्राला मिळते, तिच्यात जेम्सटाउन वसले. घळ इतकी अरुंद की शहराला रुंदी जवळजवळ नाही. मुख्य रस्ता आणि दोन्ही बाजूंना घरांच्या रांगा मांडल्या की जागा संपते. ओढा बांधीव पाटातून गावामधून वाहतो, त्याला तिथे ‘रन’ म्हणतात.

शिडाच्या जहाजांसाठी हे बेट एकाच दिशेने सोयीचे होते. हिंदुस्थानातून परतणारे जहाज केप ऑफ गुड होप ओलांडले की आग्नेय वारा पाठीशी घेऊन सरळ इथे येई. युरोपातून निघालेल्या जहाजांना मात्र तोच वारा तोंडावर लागे, म्हणून ती ब्राझीलकडून वळसा घालून जात आणि सेंट हेलेना त्यांच्या वाटेवर पडतच नसे. मुंबई, सुरत किंवा गोव्याहून घरी निघालेल्या जहाजांचा हा पाण्याचा थांबा होता, जातानाचा नाही.

येण्याची रीतही ठरलेली होती. जहाजाने बेटाच्या पूर्वेकडून यायचे, बार्न आणि शुगरलोफ या कड्यांना अगदी खेटून वळायचे आणि आडोशात शिरून लगेच नांगर टाकायचा. अंदाज चुकून जहाज पश्चिमेला पुढे गेले, तर वाऱ्याविरुद्ध परत येणे फार कष्टाचे होई. ईस्ट इंडिया कंपनीने याचाच फायदा घेतला. शुगरलोफखालच्या तोफखान्यासमोर जहाजाने थांबून होडी पाठवायची, ओळख पटवायची आणि मगच पुढे सरकायचे. वाराच सगळ्यांना एका तोंडातून आणत असल्यामुळे पहारा सोपा झाला.

१५०२ मध्ये हिंदुस्थानातून परतताना जुआंव द नोव्हा या पोर्तुगीज कप्तानाला हे निर्मनुष्य बेट सापडले, असे परंपरेने मानतात. इथला पहिला कायमचा रहिवासी थेट गोव्याच्या इतिहासातून आला. फर्नांव लोपिश हा पोर्तुगीज सैनिक आदिलशाहीकडे गेला होता. १५१२ मध्ये बाणस्तारीचा किल्ला पडल्यावर तो आणि त्याचे सोबती पोर्तुगीज गव्हर्नर अफोंसो द आल्बुकेर्कच्या हाती लागले. जीवदानाचे वचन होते, म्हणून मारले नाही, पण नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा कापला. पुढे पोर्तुगालला जाताना जहाज सेंट हेलेनाला पाण्यासाठी थांबले, तेव्हा तो झाडीत लपून राहिला. येणारी जहाजे त्याच्यासाठी धान्य, कपडे, रोपे ठेवून जात. मधली एक युरोपभेट सोडली, तर १५४५ मध्ये मरेपर्यंत तो इथेच राहिला. त्याने लावलेल्या भाज्या आणि फळझाडे पुढच्या खलाशांच्या उपयोगी पडली. स्कर्व्हीने हिरड्या सडलेल्या माणसांना ताजे फळ म्हणजे औषधच होते.

कंपनीने १६५९ मध्ये इथे किल्ला बांधला. १६७३ च्या सुरुवातीला डचांनी बेट घेतले आणि मे महिन्यात इंग्रज कप्तान रिचर्ड मंडेनने ते परत मिळवले. ही मोहीम या प्रकरणासाठी महत्त्वाची आहे, कारण इंग्रजांची मुख्य तुकडी जेम्सटाउनच्या तोफांसमोर उतरलीच नाही. ती पूर्वेच्या प्रॉस्परस बे या बिकट जागी उतरली, ऑलिव्हर नावाच्या गुलामाने वाट दाखवली आणि दोर लावून माणसे कडा चढली. त्या तुकडीचा नायक रिचर्ड केग्विन. हाच केग्विन पुढे मुंबईला आला, १६७९ मध्ये खांदेरीपाशी शिवाजी महाराजांच्या आरमाराशी लढला आणि १६८३ मध्ये मुंबईत कंपनीविरुद्ध बंड करून त्याने शहर ताब्यात घेतले. ज्या कड्यावर त्याची माणसे चढली, त्याच बाजूच्या माळावर आजचा विमानतळ आहे.

उतरण्याच्या जागा मोजक्या आणि प्रत्येकीवर तोफा, म्हणूनच १८१५ मध्ये नेपोलियनसाठी हे बेट निवडले गेले. १७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी त्याला जेम्सटाउनला उतरवले. १८२१ मध्ये तो इथेच वारला. नंतर झुलू राजा दिनुझुलू आणि दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातले सुमारे सहा हजार कैदीही इथे आले. उतरायला कठीण तितकेच निघायलाही कठीण, एवढेच त्यामागचे गणित.

नांगर ते पायरी

जेम्स बे हा खरे तर उघडा नांगरवाडा आहे. तिन्ही बाजूंनी बंदिस्त असे बंदर नाही, आणि मोठे जहाज लागेल असा धक्काही जेम्सटाउनला कधीच झाला नाही. तळ लगेच खोल जातो, त्यामुळे लाटा अडवणारा बांध घालणे बेटाच्या ऐपतीबाहेरचे होते. भरती-ओहोटीतला फरक थोडा आहे. ती अडचण नाही. अडचण फुगीची, म्हणजे दूरच्या वादळांतून चालत येणाऱ्या लांब लाटांची.

आग्नेय वाऱ्याच्या लाटांपासून बेट आडोसा देते, पण डिसेंबर ते मार्च या काळात उत्तर अटलांटिकमध्ये हिवाळी वादळे होतात. त्यांची फूग हजारो किलोमीटर चालत थेट वायव्येकडून जेम्स बेमध्ये शिरते. इथले लोक तिला ‘रोलर्स’ म्हणतात. वारा पडलेला, आकाश स्वच्छ आणि तरी लाटा धक्क्यावरून उसळतात. खोल पाण्यात त्या नजरेतही भरत नाहीत, कारण दोन लाटांतले अंतर मोठे असते. उथळ पाणी लागले की उभ्या राहतात. फेब्रुवारी १८४६ मधल्या रोलर्सनी नांगरलेली १३ जहाजे फोडली. त्यांतली बहुतेक ब्रिटिश आरमाराने पकडून आणलेली गुलामांच्या व्यापारातली जहाजे होती.

एरवीच्या दिवशी काम असे चाले. जहाज खाडीत नांगर टाकते. माणसे लाँचमध्ये उतरतात आणि लाँच दगडी पायऱ्यांपाशी येते. पायऱ्यांवर लोखंडी आडव्या दांडीला जाड दोर टांगलेले असतात. लाँच लाटेबरोबर वर-खाली होते, म्हणून होडी पायरीला लागली तरी लगेच पाऊल टाकायचे नाही. दोन्ही हात मोकळे ठेवायचे, दोर पकडायचा, होडी वर येऊन क्षणभर थांबते तेव्हाच पायरीवर पाऊल टाकायचे आणि लगेच आत सरकायचे. होडी खाली जात असताना पाऊल उचलले, तर पाय होडी आणि दगडाच्या मध्ये सापडतो. सामान हातात घेऊन उतरणे ही सर्वांत जास्त होणारी चूक, म्हणून पिशव्या आधी दुसऱ्याच्या हाती जातात. आजारी आणि वृद्ध माणसांना जहाजाच्या क्रेनने बंद पेटीत बसवून खाली सोडत. कोकणातल्या बोटींच्या काळात पडावातून चढ-उतार केलेल्या लोकांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. फरक इतकाच की कोकणात खाडीचा आसरा असे, इथे उघडा अटलांटिक.

मालाची रीत वेगळी होती. जहाज आपल्याच क्रेनने वीस फुटी कंटेनर शेजारच्या तराफ्यावर उतरवी, टगबोट तराफा ओढत धक्क्याला आणी आणि तिथली क्रेन कंटेनर उचले. सर्वांत धोक्याच्या वेळा दोन: जहाजाच्या क्रेनचा दोर सैल होण्याआधी तराफा खाली गेला तर ओझे हिसका देई, आणि धक्क्यावर उचलताना तराफा वर आला तर कंटेनर खालून ठोकला जाई. म्हणून दोन्ही ठिकाणी लाटांचा एक झोत जाऊ देऊन शांत क्षण पकडावा लागे. फूग वाढली की काम थांबे. जहाज कधी दिवस-दिवस थांबे आणि केपटाउनचे पुढचे वेळापत्रक सरके. बेटावरच्या दुकानांत कांदे-बटाटे कधी येणार, हे त्यावर ठरे.

धक्क्यापासून पुढचा प्रवासही सोपा नव्हता. गाव घळीत आणि सगळे मोक्याचे माथे वर. १८२९ मध्ये लॅडर हिलवर सामान चढवायला उतारावर रूळ टाकले. वरच्या चक्राला खेचरे जुंपून गाड्या ओढत. १८७१ मध्ये रूळ काढले आणि ६९९ पायऱ्या तेवढ्या राहिल्या. त्याच जेकब्स लॅडरने आजही माणसे सुमारे १८० मीटर चढून जातात. कड्यांनी दिलेल्या आडोशाची किंमतही शहराने मोजली. १८९० मध्ये घळीवरचा खडक सुटून नऊ जण मेले. आज गावावरच्या उतारांना जाळ्या ठोकलेल्या दिसतात त्या यासाठीच. समुद्रानेही घरांत शत्रू आणला. १८४० च्या सुमारास मोडीत काढलेल्या एका गुलामवाहू जहाजाच्या लाकडातून वाळवी उतरली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिने जेम्सटाउनच्या तुळया आणि छपरे पोखरली. नवी मंडई लोखंडी उभारली गेली ती याच अनुभवातून.

एका जहाजावर आलेले बेट

सुएझ कालवा १८६९ मध्ये सुरू झाला. त्यात वाफेच्या जहाजांना वाऱ्याची गरज राहिली नाही. १८५५ मध्ये वर्षाला सुमारे १,१०० जहाजे थांबत, १८८९ मध्ये २८८. विसाव्या शतकात बेट घायपातासारख्या न्यूझीलंड फ्लॅक्सच्या दोऱ्यावर जगले. ब्रिटिश टपालखाते कृत्रिम दोऱ्याकडे वळले आणि १९६६ मध्ये शेवटची गिरणी बंद झाली. १९७७ मध्ये युनियन-कॅसल कंपनीची नियमित सेवा संपली. त्यानंतर बेटाला स्वतःचे जहाज लागले: आधी १९७८ मध्ये कॅनडाच्या किनाऱ्यावरून आणलेले जुने जहाज, मग १९९० मध्ये खास बांधलेले आरएमएस (रॉयल मेल शिप, म्हणजे टपालजहाज) सेंट हेलेना. लांबी १०५ मीटर, माल आणि प्रवासी एकत्र, केपटाउन ते जेम्सटाउन पाच दिवस.

या जहाजाबद्दल बेटावर माया होती आणि ती योग्यच होती. शाळकरी मुले, पेशंट, नवरा-नवरी, शवपेट्या, गाड्या, खत, टपाल, सगळे त्याच्यातून आले. पण एकाच साधनावर सगळे उभे होते. नोव्हेंबर १९९९ मध्ये ते बिघडून फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरात अडकले. बेटावर माणसे खोळंबली आणि दुकानांतला माल संपू लागला. विमानतळाची मागणी त्यानंतर जोर धरू लागली. ती चैनीची मागणी नव्हती. हृदयविकाराच्या रुग्णाला मोठ्या रुग्णालयात न्यायचे, तर जहाजाची वाट पाहून वर पाच दिवसांचा प्रवास, हा हिशेब ज्या घराने केला आहे त्याला खर्चाचे आकडे सांगून उपयोग नाही.

धावपट्टी

नोव्हेंबर २०११ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बेसिल रीड कंपनीशी करार झाला. एकूण खर्च सुमारे २८.५ कोटी पौंड. पहिली अडचण तीच जुनी: अवजड यंत्रे उतरवायची कुठे? जेम्सटाउनच्या पायऱ्यांवर पन्नास टनी डंपर उतरत नाही. म्हणून शेजारच्या रुपर्ट्स बेमध्ये तात्पुरता धक्का बांधला आणि जुलै २०१२ मध्ये एनपी ग्लोरी ४ हे सपाट बुडाचे जहाज थेट किनाऱ्याला लागले. सेंट हेलेनाच्या इतिहासात धक्क्याला लागलेले ते पहिले जहाज. तिथून माळापर्यंत १४ किलोमीटरचा रस्ता खोदला. माळावर धावपट्टीइतकी सपाट जागा नव्हती, म्हणून ड्राय गट नावाची घळ सुमारे ८० लाख घनमीटर दगडमातीने शंभर मीटर उंचीपर्यंत भरून काढली.

या रस्त्याच्या पूर्वतयारीत २००८ मध्ये रुपर्ट्स व्हॅलीत ३२५ माणसांचे अवशेष सापडले. १८४० नंतर ब्रिटिश आरमाराने गुलामवाहू जहाजांवरून सोडवलेले हजारो आफ्रिकी इथे उतरवले गेले. त्यांतले कित्येक किनाऱ्यावर आल्यावर मेले. हे अवशेष १४ वर्षे जेम्सटाउनच्या एका जुन्या इमारतीत ठेवले होते. २०२२ मध्ये त्यांचे पुन्हा दफन झाले. विमानतळाच्या हिशेबात ही गोष्ट मागे पडायला नको होती.

आता वारा. धावपट्टी समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर, पूर्वेच्या कड्यांच्या माथ्यावर, साधारण उत्तर-दक्षिण आहे. आग्नेय वारा कड्यावर आदळून वर उसळतो आणि धावपट्टीच्या उत्तर टोकाबाहेरचे सुळके आणि घळी त्याला फोडतात. उत्तरेकडून उतरताना, म्हणजे धावपट्टी २० वर, समोरून वारा मिळतो. विमानाला तेच हवे असते. पण जमीन जवळ येते त्याच क्षणी तो वारा कमी-जास्त होतो आणि पंखांखालचा आधार एकदम बदलतो. दक्षिणेकडून धावपट्टी ०२ वर हवा शांत असते, मात्र वारा पाठीमागून येतो. पाठीमागच्या वाऱ्याने विमान जास्त वेगाने जमिनीला लागते आणि थांबायला जास्त लांबी लागते. बोइंग ७३७ साठी एका बाजूला झोत आणि दुसऱ्या बाजूला अपुरी लांबी, अशी कोंडी झाली.

हे आधी कळले नसते का? डार्विन १८३६ मध्ये बेटावर आला होता. कड्याच्या टोकाशी उभे असताना समोर काही यार्डांवर पक्षी जोरदार वाऱ्याशी झगडत आहेत आणि आपण उभे आहोत तिथे हवा स्थिर आहे, हे त्याने नोंदवून ठेवले. बेटावरच्या कोणत्याही कोळ्याने पूर्वेच्या बाजूबद्दल हेच सांगितले असते. तिथे कुणी होडीही थांबवत नसे. बीचक्राफ्ट किंग एअर हे लहान विमान सप्टेंबर २०१५ मध्ये उतरले, पण ते वेगळ्या जातीचे यंत्र. ज्या जातीचे विमान नियमित चालवायचे, त्याची चाचणी धावपट्टी तयार झाल्यावर, उद्घाटन तोंडावर असताना झाली. क्रम उलटा लागला. ब्रिटिश संसदेच्या लोकलेखा समितीने डिसेंबर २०१६ मध्ये केलेली टीका कठोर होती आणि नियोजनापुरती ती बरोबर होती. ‘निरुपयोगी विमानतळ’ ही वर्तमानपत्री हाकाटी मात्र चुकीची ठरली.

उपाय नवा शोध लावून निघाला नाही. विमान बदलले. नोव्हेंबर २०१६ मध्ये एम्ब्रेअर ई१९० ची चाचणी झाली. हे लहान विमान वाऱ्याच्या मर्यादा सांभाळून उतरू शकते. त्याबदल्यात वजन कमी ठेवायचे: सुमारे शंभर आसनांच्या विमानात सुरुवातीला ७६ पर्यंतच प्रवासी. बेटावर उतरता आले नाही तर जवळपास दुसरा पर्याय नाही, म्हणून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत परतण्याइतके इंधन जवळ बाळगावे लागते, आणि ते वजनही प्रवाशांच्या जागेतूनच जाते.

दरम्यान जहाजाने पुन्हा दगा दिला. २०१७ च्या वसंतात आरएमएसचा पंखा (प्रोपेलर) बिघडला आणि प्रवासी केपटाउनला अडकले. ३ मे रोजी दक्षिण आफ्रिकेच्या एअरलिंक कंपनीचे अॅव्हरो आरजे८५ विमान खास फेरीने बेटावर आले. ज्याला निरुपयोगी म्हटले गेले होते, त्या विमानतळाने जहाजाची जागा भरून काढली. १४ ऑक्टोबर २०१७ रोजी जोहान्सबर्गहून नामिबियातल्या विंडहुकमार्गे पहिले नियमित विमान उतरले. १० फेब्रुवारी २०१८ रोजी आरएमएस सेंट हेलेना शेवटचे निघाले, तेव्हा जेम्सटाउनचा धक्का माणसांनी भरला होता.

आता माणसे विमानाने येतात आणि माल मालवाहू जहाजाने, रुपर्ट्स बेच्या नव्या धक्क्याला. तिथेही रोलर्सच्या दिवसांत जहाजाला धक्का सोडून बाहेर जावे लागते. जेम्सटाउनची घळ आहे तशीच आहे: कमान, किल्ला, १७७४ चे सेंट जेम्स चर्च, आणि एकाच भांड्यात भात, मांस, भाज्या व करीमसाला शिजवलेला ‘प्लो’. नावावरून तो पुलावाचाच वंशज दिसतो. क्रूझ जहाजे आणि शिडाच्या होड्या अजून जेम्स बेमध्येच नांगर टाकतात. त्यांच्या प्रवाशांसाठी पायऱ्यांवरचे दोर टांगलेले आहेत, आणि फूग असेल त्या दिवशी क्रूझचा कप्तान शहर नजरेसमोर असूनही कुणालाच उतरू देत नाही.